फ्लॅटमधे ओल, भिंतीला भेगा, बिल्डर फोन उचलत नाही: कोर्टात जायच्या आधी काय काय करायचं

मृग लागला अन् पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या स्कीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भिंतींचे फोटो यायला लागायचे. कोणाच्या बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळा डाग, कोणाच्या पुट्टीचे पोपडे, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या तर देवघरातच वरून थेंब. प्रत्येक फोटोखाली एकच कमेंट, बिल्डरला कोर्टात खेचा. नागपुरात बेसा रोडवर २४ फ्लॅटची साधी स्कीम आहे आमची, बहुतेक लोकं नोकरीवाले, कोणाचं होम लोन सुरू, कोणी रिटायरमेंटचा सगळा पैसा त्यात टाकलेला. कोर्टात खेचा म्हणणं सोपं आहे पण तारखांना कोण जाणार, वकिलाचे पैसे कोण भरणार, अन् निकाल लागेपर्यंत ते देवघर गळतच राहणार का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. त्यावेळी असोसिएशनचा सेक्रेटरी मी होतो. पहिलं पत्र पाठवल्यापासून वर्षभर लागलं पण कोर्टाची पायरी न चढता मिटलं. यात जे शिकलो ते सगळं लिहून ठेवतो, कारण मनीषनगर, बेलतरोडी, पिपळा, कोराडी रोड, सगळीकडून मित्र हेच विचारून राहिले.

पहिले ही एक गोष्ट पक्की करून घ्या, तुमच्या ताब्याची तारीख. पझेशन लेटर काढा अन् तारीख बघा. रेरा म्हणजे बिल्डरवर लक्ष ठेवणारा अन् घर घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, तो २०१६ चा आहे, त्यातलं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरमधला दोष, कामाचा दर्जा, मटेरियल, सुविधा यातली कुठलीही खोट बिल्डरच्या लक्षात आणून दिली तर त्याने ती ३० दिवसांत एक रुपयाही न घेता दुरुस्त करायची, नाही केली तर नुकसान भरपाईचा हक्क तुमचा. बरेच लोकं समजतात की एक वर्षाची वॉरंटी होती, ती संपली. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस पण हेच सांगतो. तुमच्या करारात एक वर्ष लिहिलं असेल तरी कायद्याची ५ वर्षं त्यामुळे कमी होत नाहीत. दुसरं सांगतात की आता असोसिएशनला हँडओव्हर झालं, डीड ऑफ डिक्लरेशन म्हणजे अपार्टमेंटचं घोषणापत्र झालं, आता तुमचं तुम्ही बघा. हे पण खरं नाही, त्याच कायद्याच्या कलम ११ मधे स्पष्ट आहे की सगळ्या फ्लॅटचे डीड झाले तरी या ५ वर्षांतल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवरच राहते.

आता तुमची स्कीम रेरात आहे का ते बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट ८ पेक्षा जास्त नसतील तर रजिस्ट्रेशन लागत नाही, अन् आपल्याकडे जुन्या लेआउटमधे घर पाडून ६ किंवा ८ फ्लॅट काढलेल्या स्कीम भरपूर आहेत. तशा स्कीमवाल्यांनी घाबरू नका, महाराष्ट्राचा १९६३ चा मोफा म्हणजे फ्लॅट मालकीचा कायदा आहे, त्यात ताब्यापासून ३ वर्षांत सांगितलेला दोष बिल्डरने दुरुस्त करायचा असं आहे, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर आहेच. रेरा नंबर असेल तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर तो टाकून प्रोजेक्टचं पान उघडा अन् बिल्डरने तिथे चढवलेले कागद, मंजूर नकाशे, आर्किटेक्ट अन् स्ट्रक्चरल इंजिनीअरची नावं उतरवून घ्या. ही नावं पुढे कामी येतात, कारण पाहणीच्या वेळी फक्त सुपरवायझर पाठवून भागवतात, अन् आपण नाव घेऊन सांगू शकतो की ज्यांनी डिझाइन केलं त्या इंजिनीअरला आणा.

करार पूर्ण वाचा, कंटाळा करू नका. त्यात एक कलम हमखास असतं की राहणाऱ्याने तोडफोड केली, बाथरूमच्या फरश्या बदलल्या, भिंत काढली तर दोषाची जबाबदारी बिल्डरची नाही. हे कलम पूर्ण चुकीचं पण नाही. तुम्ही ताबा घेतल्यावर टाइल्स फोडून नवीन नळ काढला असेल अन् खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली तर ती लढाई जिंकणं कठीण आहे. अजून एक, लिफ्ट, पंप, नळ, गीझर यांचं गॅरंटी कार्ड कंपनीचं असतं अन् त्याची मुदत वेगळी, ते कार्ड बिल्डरकडून मागून घ्या अन् ते काम आधी कंपनीकडूनच करून घ्या, उगाच ओलीच्या भांडणात मिसळू नका.

आता खरा मुद्दा. माझं मत असं झालंय की ही भांडणं पैशावर अडत नाहीत, कारणावर अडतात. दोष आहे हे दोघांना दिसतं, पण तो कशामुळे आहे यावर दोघंही आपापलं खरं धरून बसतात. आपण म्हणतो काम खराब, तो म्हणतो वापर खराब. म्हणून दुरुस्ती मागायच्या आधी कारण शोधा, अन् ते कारण बिल्डरच्या डोळ्यासमोर शोधा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकाजींच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल होती. त्याच भिंतीच्या खिडकीला बाहेरून कूलरचा स्टँड. बिल्डरचा सुपरवायझर आला, एक नजर टाकली अन् म्हणाला, काकाजी, हे तुमच्या कूलरचं पाणी आहे. नागपुरात प्रत्येक घराला कूलर आहे, म्हणजे हे कारण प्रत्येक घराला लागू होतं. काकाजी शाळेत विज्ञान शिकवायचे, ते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीने त्या ओलीच्या कडेकडेने रेघ मारली अन् बाजूला तारीख लिहिली. कूलर जूनच्या शेवटी काढून माळ्यावर टाकला. मग दर रविवारी नवीन रेघ, नवीन तारीख, अन् शेजारच्या वहीत त्या आठवड्यात जोराचा पाऊस कधी झाला ते. ऑगस्ट येईपर्यंत भिंतीवर सहा रेघा झाल्या, एकातून एक बाहेर गेलेल्या, अन् कूलर महिनाभरापासून बंद. पुढच्या वेळी सुपरवायझर आला तेव्हा त्या रेघांसमोर तो कूलरचं नाव काढू शकला नाही. यात एक रुपया खर्च नाही, तुम्ही आजच सुरू करा.

भेगांचं पण तसंच. सगळ्या भेगा सारख्या नसतात अन् सगळ्यांना घाबरायची गरज नाही. विटांची भिंत अन् सिमेंटचा कॉलम जिथे भेटतात तिथे उभी सरळ भेग असेल तर ती बहुतेक वेळा जोडाची असते, दोन्ही मटेरियल उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतात अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या जोडावर प्लास्टरच्या आधी चिकन मेश म्हणजे जाळी लावायची असते, ती लावली नसेल किंवा नीट ठोकली नसेल तर भेग येणारच. बिल्डिंग पडणार नाही, पण काम कमी केलंय हे नक्की, अन् दुरुस्ती म्हणजे त्या जागेचं प्लास्टर काढून जाळी लावून परत प्लास्टर, वरून पुट्टी फिरवणं नव्हे. पुट्टी पुढच्या उन्हाळ्यात परत फाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, किंवा एका टोकाला बारीक अन् दुसऱ्या टोकाला रुंद होत जाणारी भेग, किंवा बीम अन् कॉलमच्या अंगावरच असलेली भेग, ज्यातून गंजाचा तांबूस रंग दिसून राहिला, ही इंजिनीअरलाच दाखवा, वाट पाहू नका. रो हाउस अन् डुप्लेक्सवाल्यांनी तर काळ्या मातीचं लक्षात ठेवा, ती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आक्रसते, फाउंडेशन त्या हिशोबाने घेतलं नसेल किंवा पायात मुरूम नीट भरला दाबला नसेल तर प्लिंथ म्हणजे जोतं, कंपाउंड वॉल, पार्किंगची फरशी हलायला लागते. भेग वाढून राहिली की जुनीच थांबलेली आहे हे बघायला काचेची एक बारीक पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा अन् तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भेग अजून जिवंत आहे.

हे सुरू असतानाच कागद पाठवायचा, कागदाशिवाय काहीच झालेलं नसतं. आम्ही पहिलं पूर्ण वर्ष फोनवर घालवलं, साहेब हो म्हणायचे, माणूस पाठवतो म्हणायचे, अन् कधीकधी माणूस यायचा पण, रंग मारून जायचा. त्याची नोंद कुठेच नाही. ५ वर्षांच्या आत लक्षात आणून दिलं हे सिद्ध करायला फोन कामाचा नाही. पत्र लिहा, ईमेल करा अन् तेच पत्र पोस्टाने पण पाठवा पोचपावतीसकट, रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर स्पीड पोस्टानेच पाठवा अन् पोचपावती मागून घ्या. भाषा साधी ठेवा, शिव्याशाप, धमकी, फसवणूक वगैरे शब्द नको. आमचं पत्र साधारण असं होतं:

"विषय: फ्लॅटमधील बांधकाम दोष कळवणेबाबत. महोदय, वरील फ्लॅटचा ताबा मला दि. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला. हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीवर जून महिन्यापासून ओल असून दर पावसानंतर ती वाढत आहे. तारखेसह ६ फोटो सोबत जोडले आहेत. रेरा कायदा २०१६, कलम १४(३) नुसार हा दोष ताब्यापासून ५ वर्षांच्या आत आपल्या निदर्शनास आणत आहे. कृपया ७ दिवसांत संयुक्त पाहणीची तारीख कळवावी आणि ३० दिवसांत दोष विनाशुल्क दूर करावा."

प्रत्येक फ्लॅटवाल्याने आपल्या घरातल्या दोषाचं आपल्या सहीने पत्र द्यायचं, अन् गच्ची, बाहेरची भिंत, डक्ट, टाकी या कॉमन गोष्टींचं पत्र असोसिएशनच्या लेटरहेडवर. सगळ्यांचं मिळून एकच लांब पत्र लिहू नका, त्यात कोणाचा कोणता दोष हेच हरवतं. फोटो मूळ फोनमधे तसेच राहू द्या, फॉरवर्ड झालेल्या फोटोवरून तारीख कळत नाही. अन् घरात पाणीच पडून राहिलं, तातडीने स्वतः दुरुस्त करावं लागलं तर आधी बिल्डरला लेखी कळवा, काम सुरू करायच्या आधीचे फोटो काढा, पक्कं बिल घ्या. एकदा फोडून नवीन केलं की पुरावा गेला.

पत्र गेल्यावर आमच्याकडे १२ दिवसांनी फोन आला की येतो. इथे गडबड करू नका. नुसती भेट वेगळी अन् संयुक्त पाहणी वेगळी. दोन्हीकडचे लोकं एकाच वेळी, आपला इंजिनीअर आपण आणलेला, त्याचा इंजिनीअर त्याने आणलेला, अन् निघायच्या आधी जागेवर हाताने लिहिलेला पंचनामा, त्यावर दोघांच्या सह्या. त्यात कोणाचा दोष ते लिहायचंच नाही, काय दिसलं ते लिहायचं, मग सही करायला कोणी अडत नाही. इंजिनीअरचे पैसे वर्गणी करून द्या, २४ घरांत वाटले की जास्त नाही होत. दोघांचं पटतच नसेल अन् मामला स्ट्रक्चरचा असेल तर दोघांनी मिळून तिसरा इंजिनीअर नेमायचा, आपल्या शहरात व्हीएनआयटीसारखी सरकारी इंजिनीअरिंगची संस्था आहे, तिथल्या सिव्हिल विभागाकडून तपासणी करून घ्यायचा प्रस्ताव ठेवला तर बिल्डरला त्यावर पक्षपाताचा आरोप करता येत नाही. फक्त त्याचा खर्च कोण किती देणार अन् रिपोर्ट दोघांना मान्य राहील, हे आधीच लिहून घ्या.

आमच्या पाहणीत गच्चीवर पाँडिंग टेस्ट केली, म्हणजे पावसाळी पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भरून २४ तास ठेवलं. ही टेस्ट पाऊस संपल्यावर, छत वरून कोरडं झाल्यावर करा म्हणजे नवीन ओल अन् जुनी ओल वेगळी कळते, आम्ही ऑक्टोबरमधे केली. निघालं असं की पाणी दोन जागांतून जात होतं, एक पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा अन् स्लॅब यांच्या जोडाची गोलाई जिथे फुटली होती तिथून अन् दुसरी पाइपाच्या तोंडाशी, हे सरळ बिल्डरचं काम. पण तिसरी जागा निघाली सोलरच्या स्टँडखाली, आमच्यातल्याच दोघांनी सोलर पॅनल बसवताना गच्चीला ड्रिल मारून बोल्ट ठोकले होते अन् वॉटरप्रूफिंग तिथे भोकसलं गेलं होतं. ग्रुपवर खूप लोकं म्हणाले की हे सांगू नका. मी सांगितलं, लेखी सांगितलं, की तेवढ्या भागाचा खर्च आम्ही देतो. मला आजही वाटतं की तिथून पुढे बोलणी बदलली. जो माणूस आपली चूक मान्य करतो त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर समोरच्याला विश्वास ठेवावा लागतो.

मीटिंगला दोनच लोकं जा, तिसरा लागलाच तर इंजिनीअर. २० जण गेले की प्रत्येकाला आपला राग काढायचा असतो अन् बिल्डर पण भिंतीला पाठ लावून बसतो. मेंटेनन्सचा हिशोब, पार्किंग, न झालेलं गार्डन हे सगळं त्या दिवशी काढू नका, त्याची वेगळी तारीख घ्या. फेसबुकवर नाव घेऊन लिहू नका बोलणी सुरू असेपर्यंत, त्याने मानहानीची नोटीस येऊ शकते अन् मूळ विषय बाजूला राहतो.

इतकं करूनही ३० दिवस गेले अन् उत्तर नाही, तर कोर्टाच्या आधी अजून दारं आहेत. रेरात असलेल्या स्कीमसाठी महारेराचा सलोखा मंच आहे, २०१८ पासून सुरू आहे, रेराच्या कलम ३२ मधेच अशा सलोख्याची सोय ठेवलेली आहे. मंचावर एक माणूस ग्राहक संघटनेचा अन् एक बिल्डर संघटनेचा बसतो. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, कारण बिल्डरला त्याच्याच धंद्यातला माणूस सांगतो की भाऊ, हे काम तुझंच आहे, तेव्हा ते पचतं. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, पण दोघांची तयारी लागते, बिल्डर नाही म्हणाला तर तिथे जबरदस्ती नाही. मग महारेराकडे रीतसर तक्रार, तिची फी ५००० रुपये आहे, तो हक्क सलोखा फसला म्हणून जात नाही. आमचं त्या मंचाचा अर्ज करण्याची तयारी दाखवल्यावरच हललं, पत्रात फक्त एवढं लिहिलं होतं की अमुक तारखेपर्यंत कामाचं वेळापत्रक न मिळाल्यास सलोख्यासाठी अर्ज करत आहोत, आपण संमती द्यावी.

बिल्डर क्रेडाईचा, म्हणजे बिल्डरांच्या संघटनेचा, मेंबर असेल तर त्यांच्याकडे पण पत्राची प्रत पाठवा. रेरात नसलेल्या छोट्या स्कीमवाल्यांनी १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, ते कंपनीला कळवून उत्तर मागतात. सगळ्यात कमी माहिती असलेलं दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे केस दाखल व्हायच्या आधीच, म्हणजे दावापूर्व, प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही, अन् तिथे झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते, त्यावर अपील नाही. अपील नाही हे दोन्ही बाजूंनी कापतं, म्हणून सही करायच्या आधी शब्द न् शब्द वाचा.

पण एक धोका सांगतो. बोलणी सुरू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. ५ वर्षांचं घड्याळ चालूच राहतं, ग्राहक आयोगाची २ वर्षांची मुदत पण चालूच राहते. काही लोकांना बिल्डर इतक्या प्रेमाने बोलत ठेवतो की तारीख निघून जाते. ताब्याला साडेचार वर्षं झाली असतील तर घरातला अन् गच्चीवरचा प्रत्येक दोष, छोटा वाटला तरी, आत्ताच लेखी कळवून टाका अन् एकदा वकिलाला कागद दाखवा. वकिलाचा सल्ला घेणं म्हणजे कोर्टात जाणं नाही.

तडजोड झाली की ती ५०० च्या स्टॅम्प पेपरवर लिहा. "बिल्डर गच्चीची दुरुस्ती करून देईल" एवढं लिहून चालत नाही. कोणत्या जागेचं किती काम, जुना कोबा म्हणजे गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर काढून नवीन की वरून कोटिंग, मटेरियल कोणतं, काम कधी सुरू कधी संपणार, मलबा कोण उचलणार, आतल्या घरांचा रंग कोण देणार, त्या नव्या कामाची गॅरंटी किती वर्षांची अन् कामाला उशीर झाला तर काय, हे सगळं. लोकं मलबा अन् रंग विसरतात अन् मग त्यावर नवीन भांडण सुरू होतं. ताबडतोब सगळे हक्क सोडले असं वाक्य बिल्डरच्या मसुद्यात येईल, ते खोडून "फक्त या यादीतल्या दोषांपुरतं, काम पूर्ण झाल्यावर" असं करून घ्या, कारण दुसरा दोष उद्या निघू शकतो.

कामाची वेळ पण बघा. गच्चीचं काम एप्रिल मे मधे करू देऊ नका, आपल्या उन्हात सिमेंटवरचं पाणी तासाभरात उडून जातं अन् क्युरिंग म्हणजे सिमेंट ओलं ठेवून पक्कं होणं होत नाही, मग तोच कोबा तडकतो. आम्ही जानेवारीत सुरू करायला लावलं, मार्चच्या आत संपलं. रोज कोणीतरी एक जण गच्चीवर जाऊन फोटो काढायचा, रिटायर्ड मंडळींनी वाटून घेतलं होतं. कामगारांशी नीट बोला, चहा द्या, चूक त्यांची नसते. संपल्यावर परत पाँडिंग टेस्ट, परत पंचनामा.

बिल्डरने काम संपल्या संपल्या समाधानपत्र मागितलं, काम पूर्ण झालं, आमची काही तक्रार नाही, असं. ते आम्ही दिलं नाही, करारातच लिहून घेतलं होतं की एक पावसाळा गेल्यावर देऊ. २०२५ चा पूर्ण पावसाळा गेला, वहिनींचं देवघर कोरडं राहिलं, पत्र सप्टेंबरच्या शेवटी दिलं. काकाजींच्या हॉलला रंग त्यानंतर लागला, तोवर भिंतीवरच्या सहा रेघा तशाच होत्या, सातवी मारावी लागली नाही.